शेगडी बाहेर नाही

"हिला तर धूरच नाही साहेब," दुकानदार म्हणाला. "फार गारठा असला तर गाडीत घेतलीत तरी चालेल."

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, ती शेगडी हातात घेऊन उलटीपालटी करत होते. चकचकीत स्टीलची, दुहेरी पत्र्याची, बादलीएवढी. त्यांनी ती काउंटरवर आदळली, तेव्हा शेजारी मांडलेले टॉर्च हलले.

"धूर डोळ्यांत जातो म्हणून माणूस उठून पळतो," तात्या म्हणाले. "जे दिसत नाही, ज्याला वास नाही, ते माणसाला झोपवतं. तुम्ही हे वाक्य परत कुठल्या गिऱ्हाइकाला बोलू नका."

दुकानदार माझ्याकडे बघून हसला. मी हसले नाही. माझा नवरा उदय मात्र पुढं झाला आणि म्हणाला, "तात्या, आपण आत कशाला घेतोय? बाहेरच लावायची आहे. ही हलकी आहे, गाडीत मावते, छान दिसते."

"छान दिसते म्हणून विस्तव घेतात का उदयराव?"

उदयनं त्या वर्षी एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्याची राहायची गाडी बनवली होती. आत तीन माणसांची झोपायची सोय, ओट्याएवढं स्वयंपाकघर, वर पाण्याची टाकी. सगळं झालं होतं, फक्त मुक्कामाला शेकोटी करायची शेगडी राहिली होती. उघड्या माळावर जमिनीवर जाळ करू देत नाहीत, गवत पेटतं, म्हणून अशी उचलून नेता येणारी शेगडी लागते. मला वाटलं होतं, दुकानात जाऊ, एक उचलू, परत येऊ. पण तात्यांनी तिथं मांडलेली प्रत्येक शेगडी परीक्षेला बसवली. घडीची होती तिचे पाय आखूड, खालचं गवत करपेल म्हणाले. एकीचा पत्रा बोटानं दाबून पाहिला, दोन वेळा तापली की वाकडी होईल. एकीला राख पडायला खणच नव्हता. शेवटी कोपऱ्यातली एक काळी, बेढब, उंच पायांची बिडाची शेगडी त्यांनी ओढून काढली. तिला जड झाकण होतं, उचलायला दोन्हीकडं कड्या होत्या.

"ही," ते म्हणाले. "झाकण टाकलं की विझली. वाऱ्यात ठिणगी उडणार नाही. आणि ही इतकी जड आहे की कुणी आळसापोटी उचलून आत नेणार नाही."

उदयनं माझ्याकडं पाहिलं. गाडीत एकेक किलोचा हिशोब करून त्यानं फळ्या बसवल्या होत्या. पण त्यानं खिशातून पाकीट काढलं. तात्यांना नाही म्हणणं त्यानं तेव्हा सोडून दिलं होतं, आणि त्याला कारण होतं.

तात्या, म्हणजे दत्ताजी इंगवले, अग्निशमन दलात स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या घरात शिरून लोकांना बाहेर काढलं. घरी त्यातलं एक अक्षर बोलायचे नाहीत. मी लहान असताना ते ड्युटीवरून आले की आधी मोरीत जाऊन बसायचे, आणि आई आम्हाला सांगायची, आता कुणी हाक मारायची नाही. आई गेल्यावर ते आमच्याकडं राहायला आले आणि हळूहळू त्यांचं विसरणं सुरू झालं. चष्मा, औषधं, वार. मग एके दुपारी त्यांना धुराचा वास आला आणि त्यांनी आमच्या इमारतीतल्या सगळ्यांना जिन्यानं खाली काढलं. शेजारच्या देवधर आजींना तर त्यांनी पाठुंगळीला घेतलं. खाली उभं राहिल्यावर कळलं की दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी डासांसाठी धूप घातला होता. सोसायटीची मीटिंग झाली. चेअरमन फार सभ्यपणे बोलले. सभ्यपणे बोललेलंच जास्त लागतं. डॉक्टरांनी तपासण्या करून आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले, अजून सुरुवात आहे, जमेल तेवढं हिंडवून आणा.

म्हणून ती गाडी. म्हणून ती शेगडी.

जानेवारीच्या अखेरीस आम्ही घाटमाथ्यावरच्या एका धरणाच्या काठी मुक्कामाला गेलो. कॅम्पिंगची जागा म्हणजे काय, तर पाण्याच्या कडेला एक मोठा माळ, पत्र्याची न्हाणीघरं, आणि वरच्या वाटेवर व्यवस्थापकाची खोली. आम्ही पोचलो तेव्हा तिथं आमच्याखेरीज एकच गाडी होती. भाड्यानं घेतलेली छोटी पांढरी व्हॅन. तिच्यासमोर एक तरुण जोडपं खुर्च्या टाकून बसलं होतं आणि त्यांची चारेक वर्षांची मुलगी गवतात काटक्या गोळा करत होती. मुलीचं नाव इरा. वडिलांचं ऋत्विज, आईचं पल्लवी. अर्ध्या तासात इरा आमच्या गाडीत येऊन आमचा डबा खाऊन गेली.

दुपारी तात्या मला म्हणाले, "सुमन, चहा टाक."

सुमन माझी आई. मी चहा टाकला. त्यांची चूक दाखवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण त्यांच्या हातात कप देताना माझ्याकडून चहा सांडला, तो त्यांनी पाहिला, आणि म्हणाले, "वैजू, तुला बरं नाही का?" म्हणजे ते परत आले होते. ते असे जात आणि येत असायचे, आणि कधी कुठं आहेत ते आपल्याला कळायचं नाही.

चहा घेऊन ते त्या जोडप्याकडं गेले. त्यांच्या व्हॅनपुढं शेगडी ठेवली होती, अगदी तशीच, दुकानातल्यासारखी, स्टीलची, चकचकीत. ऋत्विज त्यात कोळसा भरत होता. संध्याकाळी कणसं भाजायची होती.

"ही रात्री आत नेऊ नका हं," तात्या म्हणाले.

"नाही काका."

"विझली असं वाटलं तरी नेऊ नका. कोळसा वरून राखाडी दिसतो, आतून जिवंत असतो."

"नाही नेणार."

"खिडकी उघडी ठेवली तरी नाही. लोक म्हणतात खिडकी उघडी होती. मी खिडकी उघडी असलेल्या खोल्यांतूनसुद्धा माणसं उचललीत."

पल्लवीनं इराला जवळ ओढून घेतलं. ऋत्विज कसंनुसं हसला. तात्या आणखी बोलणार होते, पण उदय लगबगीनं गेला आणि त्यांना हाताला धरून घेऊन आला. येताना तो मागं वळून हळूच म्हणाला, "मनावर घेऊ नका, त्यांचं वय झालंय." मला ते ऐकू आलं. तात्यांनाही आलं असणार, कारण ते गाडीत येऊन बसले आणि बराच वेळ खिडकीतून नुसते पाण्याकडं बघत राहिले.

साडेपाचच्या सुमाराला, समोर कणसं भाजून होत आली तोवर, वारा फिरला. पश्चिमेकडून काळं आभाळ वर आलं आणि ज्या दिवसांत पावसाचं नावही कुणी घेत नाही त्या दिवसांत थेंब पडायला लागले. आधी टपटप, मग तिरका, बोचरा पाऊस. आम्ही खुर्च्या उचलल्या. उदयनं आमच्या शेगडीवर झाकण टाकलं आणि ती तशीच पावसात सोडली. समोरची मंडळीही पळापळ करत आत गेली, सरकता दरवाजा धाडकन लागला, पडदे ओढले गेले. गारठा असा होता की मी आत आल्यावर स्वेटरवर शाल घेतली.

मी मुगाची खिचडी टाकली. उदय खाटेवर आडवा होऊन वाचत होता. तात्या खिडकीशी. पाऊस कमी झाला, झिमझिम उरली. बाहेर अजून उजेड होता, तो पावसानंतर येतो तसला पिवळट.

"शेगडी बाहेर नाही," तात्या म्हणाले.

"आहे की तात्या. ती काय."

"आपली नाही. त्यांची."

मी वाकून पाहिलं. व्हॅनपुढं दोन खुर्च्या उलट्या पडल्या होत्या. कोळशाची पिशवी भिजत होती. शेगडी नव्हती.

"गाडीखाली सरकवली असेल," उदय पुस्तकातून मान न काढता म्हणाला.

"गाडीखाली नाही. मी वाकून बघून आलो."

खरंच त्यांचे पायजम्याचे गुडघे चिखलानं भरले होते. ते कधी उतरले, कधी परत आले, आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"बरं, मी विचारून येते," मी म्हणाले. त्यांना शांत करायला म्हणून, दुसरं काही नाही. छत्री घेतली आणि गेले. व्हॅनमधून गाण्याचा आवाज येत होता, मोबाइलवर लावतात तसलं लहान मुलांचं बडबडगीत. मी दरवाजावर टकटक केली. "पल्लवी?" उत्तर नाही. पुन्हा केली. गाणं संपलं. मी थांबले, आता येतील. तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

मी दरवाजावर हाताचा पंजा आपटला. काही नाही. काचा आतून घामेजल्या होत्या, त्यावरून पाण्याचे ओघळ खाली येत होते. पडद्याच्या फटीतून फक्त एक पिवळा दिवा दिसत होता.

मागं वळले तर तात्या पावसात उभे होते. ताठ. इतके ताठ मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. त्यांच्या हातात आमच्या गाडीचा चाकाचा पाना होता.

"साळोखे," ते मला म्हणाले, "समोरची काच फोड."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. साळोखे म्हणजे त्यांच्या हाताखालचे फायरमन. माझ्या लग्नात वाढायला होते.

"तात्या, मी वैजू."

"वेळ नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन मुलं आहेत. जिना गेलाय. पुढून घुसायचं."

तिथं मजला नव्हता, जिना नव्हता, दोन मुलं नव्हती. समोर एक भाड्याची व्हॅन होती, आणि कदाचित दमून झोपलेलं एक कुटुंब.

उदय धावत आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. "तात्या, तो पाना द्या इकडं. वैजू, यांना आत ने. मी वर जाऊन व्यवस्थापकाकडून नंबर घेतो, फोन करतो. पाच मिनिटांत कळेल."

"उदय, ती उठत नाहीत रे."

"झोपली असतील! दिवसभर पोर पळत होतं. अगं, दुसऱ्याची गाडी आहे, आत बाई आहे, बाळ आहे. काच फोडून घुसायचं? आणि कुणाच्या सांगण्यावरून?" त्याचा आवाज खाली आला. "ते तुला साळोखे म्हणतायत, वैजू."

तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. काही महिन्यांपूर्वी देवधर आजी पाठुंगळीवर रडत होत्या ते मी पाहिलं होतं. मीटिंगमध्ये मी सगळ्यांची हात जोडून माफी मागितली होती. आता पुन्हा तेच होणार, आणि या वेळी आत घाबरलेली लहान मुलगी असणार, काचांचा सडा असणार.

आत ते बडबडगीत तिसऱ्यांदा सुरू झालं.

चार वर्षांच्या पोरीला एकच गाणं लागोपाठ तीनदा आवडतं, मला माहीत आहे. पण मध्ये ती काहीतरी बोलते. टाळ्या वाजवते. आई वैतागून म्हणते, आता दुसरं लाव. तिथं गाण्याशिवाय काही नव्हतं. मी काचेला कान लावला. कुणी खोकत नव्हतं, कुणी कूस बदलत नव्हतं.

मी तात्यांच्या हातातून पाना घेतला.

"वैजू!" उदयनं माझं मनगट धरलं.

"सोड."

"मधोमध मारू नको," मागून तात्यांचा शांत आवाज आला. "कोपऱ्यात मार. खालच्या."

मी मारला. पहिला घसरला. दुसऱ्या घावाला चालकाकडची काच पिठासारखी खाली आली. मला वाटलं होतं किंचाळी येईल, शिव्या येतील. काचेच्या आवाजानं आत कुणीही हललं नाही. त्या क्षणी उदयनं माझं मनगट सोडलं, आणि तो माझ्या आधी खिडकीतून आत वाकला.

"श्वास धर!" तात्या ओरडले. "आत श्वास घेऊ नको! दार उघड आणि बाहेर ये!"

उदयनं आत हात घालून पुढचं दार उघडलं, तिथून मागं झेपावून सरकत्या दरवाजाची कडी काढली. दरवाजा उघडताच ऋत्विज बाहेर आमच्या पायांवर कलंडला. तो दारालाच टेकून पडला होता. बहुतेक उघडायला निघाला असणार. आतून गरम, जड हवा आली, तिला धुराचा वास नव्हता. मागं खाटेवर पल्लवी कुशीवर झोपली होती, तिचे गाल लालबुंद, एखादी छान ऊन खाऊन झोपलीय असं वाटावं. दोन खाटांच्या मधल्या जागेत ती स्टीलची शेगडी. वर राखाडी साय, खाली लाल.

उदयनं एक टॉवेल घेऊन तिची कड पकडली आणि ती बाहेर फेकली. त्याचा तळवा भाजला, ते त्याला नंतर कळलं. मी ऋत्विजला काखेत धरून गवतावर ओढलं. मग आम्ही दोघांनी पल्लवीला काढलं. माझं डोकं ठणकायला लागलं होतं.

आम्ही वळलो तोवर तात्या इराला घेऊन बाहेर आलेही होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघ्यांवर रांगत गेला आणि पोरीला छातीशी दाबून रांगतच आला. त्यांनी तिला कुशीवर झोपवलं, हनुवटी वर केली, गाल तिच्या तोंडाशी नेला. "आहे," म्हणाले. तिच्या पाठीवर हात चोळला, एकदा, दोनदा. ती ओकली. मग रडली. आयुष्यात एखाद्या मुलाच्या रडण्यानं मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

उदय फोनवर ओरडत होता, अँब्युलन्स, ऑक्सिजन, तीन जण, धरणाचा रस्ता. मी पल्लवीचे गाल थोपटत होते. तिनं डोळे किलकिले केले.

आणि तात्या दिसेनात.

मी उठले. ते पुन्हा व्हॅनमध्ये होते. खाटेखालच्या खणात डोकं घालून आतलं सामान बाहेर फेकत होते. चादरी, बॅग, खेळणी. दारं उघडी होती, वारा आत जात होता, तरी ती हवा अजून चांगली नव्हती. त्यांचा श्वास मला बाहेर ऐकू येत होता, घरघर, आत काहीतरी घासल्यासारखा.

"तात्या, बाहेर या! सगळे निघाले!"

"दुसरं मूल," ते म्हणाले. "खाटेखाली लपतात. भ्यायलेली पोरं खाटेखाली लपतात."

"एकच मुलगी आहे तात्या! इरा! ती बाहेर आहे, रडतेय, ऐका!"

ते ऐकत नव्हते. मी आत शिरून त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी मला असं झटकलं की मी दरवाजाच्या पट्टीवर आपटले. माझ्या वडिलांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं. पण ते मला झटकत नव्हते. कमरेला धरून मागं ओढणाऱ्या दुसऱ्याच कुणाला तरी झटकत होते.

"सोड साळोखे!" ते ओरडले. "ते आत आहे! मला त्याचा आवाज आलाय! सोड मला!"

त्यांचा चेहरा मी पाहिला. घाम, आणि ओठ निळसर व्हायला लागलेले. उदय पल्लवीजवळ होता, त्याला हाक मारली असती तर दोघांनी मिळून तात्यांना फरफटत काढलं असतं. पण ते शेवटपर्यंत झगडले असते. त्यांचं हृदय तिथंच बंद पडलं असतं. मी तात्या, तात्या म्हणून हाका मारत होते, आणि तिथं तात्या नावाचं कुणी नव्हतंच.

मी दारात ताठ उभी राहिले.

"साहेब," मी म्हणाले.

ते थांबले.

"साहेब, दुसरं मूल काढलं."

त्यांनी वळून बघितलं. हातात इराची छोटी उशी होती.

"कोणी?"

"मी काढलं, साहेब. मागच्या बाजूनं."

"श्वास?"

"आहे. रडतंय."

बाहेर इरा रडत होती. त्यांनी मान कलती करून तो आवाज ऐकला. खूप वेळ ऐकला, किंवा मला तसं वाटलं. मग ती उशी त्यांनी हळूच खाटेवर ठेवली, नीट, मध्यभागी, आणि रांगत दरवाज्याशी आले. मी हात पुढं केला, तो त्यांनी धरला. बाहेर गवतावर बसले आणि पावसाकडं तोंड करून मोठमोठे श्वास घेऊ लागले.

"दोन्ही निघाली," ते म्हणाले.

"हो साहेब. दोन्ही."

अँब्युलन्स येईपर्यंत अंधारून आलं होतं. ती माणसं वाचली. तिघांनाही दोन दिवस तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं. पल्लवी मला नंतर म्हणाली, "ज्वाळा नव्हती, धूर नव्हता, इराचे हात गार पडले होते. वाटलं, विझतच आलीय, तेवढीच ऊब मिळेल. काकांनी सांगितलेलं मला आठवतही होतं हो. पण मला वाटलं, ते..."

उदयनं हाताला पट्टी बांधून गाडी चालवली. घाट उतरून झाला. मग म्हणाला, "मी थांबवलं असतं तर." मी म्हटलं, "तू आत पहिला गेलास." तात्या मागं झोपले होते. एरवी झोपेत ते दचकायचे, हात झाडायचे, आईनं तीस वर्षं ते सोसलं होतं. त्या प्रवासात ते लहान मुलासारखे गाढ झोपले.

घरी आल्यावर एक नवीन गोष्ट सुरू झाली. ज्यांनी आयुष्यभर कामातलं काही सांगितलं नाही ते तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले. दूधवाल्याला, देवधर आजींना, माझ्या शाळेतल्या मैत्रिणींना. तिसरा मजला होता, जिना गेला होता, दोन मुलं होती, दोन्ही काढली. एक मी, एक साळोख्यानं. व्हॅनचं, धरणाचं त्यांना काही आठवत नव्हतं. देवधर आजी हरखून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "किती पुण्याचं काम केलंत." तात्या लाजायचे.

चार-पाच महिन्यांनी साळोखे आले. आता त्यांचेही केस पांढरे, एक गुडघा बदललेला. साहेबांना बरं नाही असं कुणाकडून तरी ऐकलं होतं. मी त्यांना आधी बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, पण दार उदयनं उघडलं आणि मी हात पुसत बाहेर येईपर्यंत ते तात्यांसमोर बसलेही होते. तात्यांना त्या दिवसांत मी ओळखू येत नसे. पण साळोखे बरोबर ओळखू आले.

"साळोखे," तात्या म्हणाले, "ती दोन्ही पोरं. पेठेतल्या आगीतली. आपण काढली ना?"

साळोख्यांच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. त्यांनी तात्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी तात्यांच्या पाठीमागून हात जोडले.

"काढली की साहेब," साळोखे म्हणाले. "एक तुम्ही, एक मी."

"हिला सांग. हिला खरं वाटत नाही."

"खरं आहे ताई," साळोखे मला म्हणाले.

जाताना मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. त्यांनी चपला घातल्या, आणि भिंतीला हात लावून उभे राहिले.

"दुसरं मूल म्हणजे पोरगी होती," ते म्हणाले. "इरा-बिरा नव्हे, आमच्या वेळची. सहा-सात वर्षांची. उदयरावांनी निघताना व्हॅनचं सांगितलं मला. साहेब तिच्यासाठी परत आत चालले होते. तिचा आवाज येत होता ताई, मलाही येत होता. पण वरचं छत वाजायला लागलं होतं. मी साहेबांना कमरेला मिठी मारून धरलं. ते मला लाथा मारत होते. मी सोडलं नाही. छत आलं खाली." त्यांनी गुडघा चोळला. "साहेब त्यावरून मला कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. निवृत्त होईपर्यंत रोज बरोबर चहा घेतला आम्ही, पण त्या पोरीचा विषय नाही निघाला."

त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं.

"कुणी सांगितलं त्यांना, दोन्ही निघाली म्हणून?"

"मी."

"त्यांनी ऐकलं तुमचं?"

"माझं नाही ऐकलं. ते मला तुम्ही समजत होते. साळोख्यांनी सांगितलं म्हणून ऐकलं."

खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी घातलेल्या चपला पुन्हा काढल्या, एकीवर एक ठेवल्या, आणि गुडघा सांभाळत परत घरात गेले.

तात्यांनी खुर्चीतून मान वर केली. त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, साळोखे! कधी आलास?"

"हा काय, आत्ताच येतोय साहेब," साळोखे म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी बसले.